पाट आणि पसंतीक्रम

प्रिंटर थांबायचं नाव घेईना. एक कागद बाहेर यायचा, आधीच्या कागदावर अलगद पडायचा, आणि झालं आता, संपलं, असं वैशालीला वाटतंय न वाटतंय तोवर आत पुन्हा ती घसा खाकरल्यासारखी खरखर सुरू व्हायची. तिच्यामागे रेशनकार्डाच्या कामाला आलेला एक म्हातारा आणि पॅनकार्डाचा फॉर्म भरायला आलेल्या दोन मुली ताटकळत होत्या. त्या तिघांच्या नजरा आपल्या पाठीवर आहेत हे वैशालीला न वळताही कळत होतं. तसं तिला नेहमीच कळायचं. कोण आपल्याकडे बघतंय, कोणी बघता बघता नजर वळवली, कोण बोलता बोलता थांबलं, याची नोंद तिच्या अंगातच कुठेतरी होत राहायची. एका हाताने तिने मनस्वीचं मनगट धरलेलं होतं. दुसऱ्या बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गणपतीचा पाट होता, तो निसटू लागला तसा तिने काउंटरच्या कडेला टेकवून ठेवला.

“वहिनी,” दुकानवाला निलेश कागदांची चळत उचलत म्हणाला, “एवढी कॉलेजं? तुम्हाला शिकायचंय का तपासणीला जायचंय?”

मागच्या मुली फिस्सकन हसल्या. म्हातारा हसला नाही, पण कागदांकडे बघून त्याने मान हलवली. वैशालीही हसली, तिच्या कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. शेवटच्या पानावर खाली निवडलेल्या पर्यायांचा आकडा होता, शंभराला जेमतेम कमी. मोबाइलच्या पडद्यावर तो कधी एवढा वाटला नव्हता. तिथे एका वेळी चार-पाच नावं दिसायची, बोटाने वर सारली की नाहीशी व्हायची. कागदावर ती सगळी एकदम समोर उभी राहिली, लग्नाच्या पंगतीत न बोलावलेली माणसंही जेवायला बसलेली दिसावीत तशी.

“संध्याकाळी पोर्टल बंद होतंय,” निलेश म्हणाला. “नको ती काढा, राहतील ती खालीवर लावा नि चार वाजता या. लॉक करून टाकू. ओटीपी हर्षददादाच्या नंबरवर जाईल, त्याला सांगून ठेवा, नायतर तो कंपनीत नि आपण इथं.”

मनस्वीने वर बघितलं. “मम्मी, तू कॉलेजात जाणार?”

“हो.”

“मग मला शाळेतून आणायला कोण येणार?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उद्या डब्यात काय आहे, असं विचारावं तितकंच ते साधं होतं. तरी वैशालीने तिथल्या तिथे काउंटरवरचं दोरी बांधलेलं पेन ओढलं, पानं उलटली, आणि रोह्याच्या कॉलेजवर आडवी रेघ मारली. सगळ्यात आधी तेच. एवढ्या नावांमधून हात सरळ तिथेच गेला. मग कागद छातीशी धरून, मनस्वीला ओढत, ती भुरभुर पावसात बाहेर पडली.

बी.एड.ची सीईटी तिने दिली होती ती कुणाला फारसं न सांगता, गॅसवर दूध ठेवून आपण शेजारच्या खोलीत उभं राहावं तशा एका कानाने घराकडे लक्ष ठेवून. मार्क चांगले आले. नवऱ्याने, हर्षदने, पेढे आणले, शेजारी वाटले, आणि मग कॉलेजं निवडायची वेळ आली. दुपारी मनस्वी झोपली की ती पलंगाच्या कडेला बसून मोबाइल उघडायची. पहिल्या दिवशी घरापासून चालत जाता येईल असं एक टाकलं, मग पनवेल, अलिबाग, रोहा. तिथेच थांबायला हवं होतं. पण खाली आणखी नावं होती, आणि नाव दिसलं की तिच्या डोळ्यांपुढे एक खोली उभी राहायची. नागपूर तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण नागपूरमध्ये एक रुंद रस्ता होता, त्यावर कडुलिंबाची झाडं होती, आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे तासाभरात खडखडीत वाळायचे. पेणच्या रामवाडीतल्या घरात पावसाळाभर दोऱ्यांवर लटकणारे, दमट वास येणारे शाळेचे युनिफॉर्म हाताने चाचपत असताना तिने नागपूर टाकलं. कोल्हापुरात एक लोखंडी खाट होती नि उशाशी आपला स्वतःचा दिवा, ज्याचं बटण दुसरं कुणी बंद करणार नव्हतं. रत्नागिरीत खिडकी होती. अमरावतीत काय होतं ते तिला आता आठवेना, पण टाकताना काहीतरी नक्की होतं. त्या सगळ्या खोल्या स्वच्छ झाडलेल्या होत्या, आणि आत्ता, ओल्या रस्त्यावरून चालताना, मनस्वीचा चिमुकला घामट हात मुठीत असताना, तिच्या एकाएकी ध्यानात आलं की त्यातल्या एकाही खोलीत मनस्वी नव्हती. तिने मुलीचा हात घट्ट केला. “दुखतंय,” मनस्वी म्हणाली.

आणि रोह्याला? रोह्याला खोली नव्हतीच. रोह्याला होती ती प्रयोगशाळा. तिथून कोसभरावर तिचं माहेर, बाबांची भाताची खाचरं आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर पेरलेले वाल. कुंडलिकेच्या पुलावरून चालत ती बी.एस्सी.ला जायची. एरवी घाबरट, रस्ता ओलांडताना दोनदा मागे यायची, परीक्षेत नंबर बरोबर लिहिलाय का ते पाच-पाच वेळा बघायची. पण हातात ब्युरेट, थेंब सोडायची ती काचेची नळी, आली की तिचे हात असे शांत व्हायचे की तिचं तिलाच नवल वाटे. पांढऱ्या कागदावर ठेवलेला काचेचा चंबू, त्यातलं पाण्यासारखं द्रावण, आणि वरून थेंब, थेंब. गुलाबी रंग यायचा, चंबू हलवला की विरायचा. पुन्हा थेंब, पुन्हा विरायचा. मग एक थेंब असा पडायचा की रंग राहायचा. अगदी फिका, आहे की नाही असा. मैत्रिणी घाई करायच्या आणि त्यांचे चंबू गडद जांभळट होऊन बसायचे. वैशालीचा तो एक थेंब कधी चुकला नाही. हे कुणाला तरी शिकवावं, चंबूवर वाकलेल्या मुलांचे चेहरे आपण बघावेत, एवढंच तिला खरं तर हवं होतं. त्याला अमरावती कशाला लागते?

पण रोह्याचं नाव घरात काढलं त्या दिवशी शेजारच्या चंद्रावतीकाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. “बरं हाय गो,” त्या म्हणाल्या होत्या, “रोज माहेरी जायची सोय झाली. सकाळी गाडीत बसायचं, आईच्या हातचं जेवायचं नि संध्याकाळी सासूच्या हातचं.” म्हणून मोठ्यांदा हसल्या. बोचलं ते काकूंचं बोलणं नव्हे. तिच्या सासूबाई, गिरजाबाई, तांदूळ निवडत होत्या, आणि त्यांनी मान वर केली नाही. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. सुपावरचा त्यांचा हात फिरत राहिला. ती शांतता वैशालीने तेव्हापासून मनात जपली होती. भाजी चिरताना, मनस्वीची वेणी घालताना काढून उलटीपालटी करून बघितली होती. जेवढ्या वेळा बघितली तेवढी ती जाड होत गेली. आणि बहुधा त्या दुपारपासूनच यादी वाढत चालली होती.

हिरामणच्या कारखान्यात पाऊल टाकताच ओल्या मातीचा थंड वास अंगावर आला. रांगांच्या रांगा पांढरे गणपती बसले होते, अजून रंग नाही, डोळे नाहीत. सगळे सारखे नि सगळे वाट बघत असल्यासारखे. पेणमध्ये लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी तिला या डोळे नसलेल्या मूर्तींची भीतीच वाटली होती. आता त्यांच्यात बरं वाटायचं. इथे तरी कुणी बघत नव्हतं. एका भिंतीशी घराघरांतून आलेले पाट उभे रचून ठेवलेले होते. आपल्या घरचा पाट आधी नेऊन द्यायचा, मग त्याच पाटावर गणपती घरी यायचा. गिरजाबाईंच्या घरात यात कधी खंड नव्हता. दरवर्षी पाट त्या स्वतः आणायच्या. यंदा गुडघा धरला म्हणून सुनेच्या हाती दिला होता, आणि देताना फक्त “सांभाळून ने गो” एवढंच म्हणाल्या होत्या.

“या वहिनी,” हिरामण हात पुसत म्हणाला. “आजी नाय आल्या? बरं, द्या पाट.”

वैशालीने हात पुढे केला. हातात कागद होते.

क्षणभर तिला कळेचना की हे काय आहे. बगल मोकळी होती. दुसऱ्या हातात मनस्वी होती. मनस्वीने आधी आईकडे, मग कागदांकडे बघितलं. “मम्मी, पाट?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता मोठ्या माणसासारखी काळजी होती.

“कॉलेजात बसवायचाय का यंदा गणपती?” हिरामणने कागदांवरची नावं वाचून विचारलं. तो चेष्टेने म्हणाला होता, पण वैशालीला हसू आलं नाही. पाय आधीच वळले होते. रस्त्यातून अर्धवट धावत, चिखल चुकवत, ती मनात एकेक घडवत गेली: पाट कुणी उचलला, कुणी त्यावर बसलं, कुणी त्यावर चप्पल घालून पाय ठेवला, ती हात हलवत घरी गेली आणि सासूने पुन्हा मान वर केली नाही. चाळीस वर्षांत जे कधी झालं नाही ते सुनेच्या हातून झालं, तेही कशापायी, तर कॉलेजपायी. चंद्रावतीकाकूंना वर्षभर पुरेल एवढं झालं असतं.

दुकानात पाट होता. तो काउंटरवर, मधोमध, प्रिंटरच्या जागी होता, आणि प्रिंटर खाली लादीवर होता. निलेश उकिडवा बसून तिथून कागद काढत होता.

“अहो वहिनी, देवाचा पाट,” तो तिथूनच म्हणाला. “खाली कसा ठेवू? मग प्रिंटरलाच म्हटलं, बस तू जरा खाली.”

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती एवढी हसली की मनस्वी तिच्याकडे बघतच राहिली. मग पावसाचा जोर वाढला, मनस्वीला भूक लागली, आणि पाट छातीशी आवळून, कागद पदराखाली घेऊन ती घरीच आली.

गिरजाबाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. कोमट पाण्यातून दाणा उचलायचा, चिमटीत दाबायचा, साल एकीकडे, दाणा एकीकडे. पाट बघून त्यांचा हात थांबला. “परत का आणलास?”

सांगून टाकलं तिने. उभ्या उभ्या, पाट न ठेवता, एका दमात: प्रिंटर, पेन, निलेश, हिरामण, सगळं. सांगताना ती सासूच्या कपाळाकडे बघत होती, कारण राग आधी तिथे दिसतो असा तिचा अनुभव होता. कपाळावर काही नव्हतं. गिरजाबाईंचे ओठ मात्र आत ओढले गेले, खांदे हलले, आणि त्या हातातल्या वालासकट हसायला लागल्या.

“ठेव तो खाली. देव्हाऱ्यापाशी ठेव. आणि बस.” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “तुझे सासरे एस्टीत इसरले होते. ठाव नाय तुला? हर्षद पोटात होता. कारखान्यात जायचे म्हणून निघाले, वाटेत कोण मित्र भेटला, गप्पा मारत त्याच्याबरोबर एस्टीत चढले, कुठंतरी मध्येच उतरले, नि पाट गेला गाडीतून रोह्याला.”

“रोह्याला?”

“सरळ रोह्याला. माझी सासू दोन दिवस जेवली नाय. आम्ही मिठागरावरची माणसं, आमच्याकडं अशा गोष्टी मनाला लावून घेतात. ह्यांना धाडलं. तर रोह्याच्या डेपोतल्या साहेबानं पाट नीट भिंतीला लावून ठेवलेला नि मागं निळ्या रंगानं लिवलेलं, पेण. म्हणजे कोणी न्यायला नाय आलं तर ह्याच गाडीनं परत धाडायचा म्हणून. बघ ना मागं.”

वैशालीने पाट उलटा केला. ते निळं पुसट ‘पेण’ तिने दर गणपतीत पाट धुताना बघितलं होतं. हाताला लागायची ती अक्षरं. कारखान्यातल्या कुणीतरी लिहिलं असेल असंच ती समजत आली होती.

“आता ती नावं वाच,” गिरजाबाई म्हणाल्या. “एवढा कागद फुकट नाय जायला पाहिजे. वाल पण सोल.”

ती वाचू लागली. आणि नावं मोठ्याने उच्चारली की त्यांना काहीतरी व्हायचं. मोबाइलमध्ये, दुपारच्या शांततेत, ज्या नावांना रस्ते नि झाडं नि खिडक्या होत्या ती इथे, वालाच्या उग्र वासात, कुकरच्या शिट्टीखाली, नुसती नावं उरायची.

“नागपूर.”

“संत्री आणायला जाशील का?”

“कोल्हापूर.”

“देवीला जाऊ की सगळी. त्याला दोन वर्षं कशाला?”

“अमरावती.”

“ते कुठं आलं?”

“लांब आहे.”

“मग राहू दे त्याला लांबच.”

मनस्वी मध्ये बसून सालींचा ढीग करत होती. प्रत्येक नावावर वैशाली रेघ मारत गेली आणि तिला वाटलं होतं तसं वाईट वाटेना. कोल्हापूरच्या उशाशी असलेल्या दिव्यापाशी ती क्षणभर थांबली एवढंच. तो दिवा तिने मनातल्या मनात उचलून इथे, पलंगाच्या तिच्या बाजूला, आणून ठेवला. तिथेही चालेल तो. बटण आपल्याकडे हवं, बस. रेघ मारली. पान उलटलं. थेंबाथेंबाने काहीतरी फिकं होत चाललं होतं, किंवा काहीतरी दिसू लागलं होतं, ते तिला धड सांगता आलं नसतं. शेवटी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. चालत जाण्याजोगं, अलिबाग, पनवेल, आणखी एक.

“नि रोहा?” गिरजाबाईंनी विचारलं.

“काढलं ते.”

“कधी?”

“सगळ्यात आधी.”

“का गो?”

वैशालीने एक दाणा दाबला. साल निसटून मनस्वीच्या गुडघ्यावर पडली. “त्या दिवशी काकू म्हणाल्या... आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“कधी बोलले नाय?”

“तांदूळ निवडत होतात. मान वर केली नाहीत.”

गिरजाबाईंनी तिच्याकडे बघितलं, आठवायचा प्रयत्न केला, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “अगो, चष्मा नव्हता माझा. हर्षदनं काडी बसवायला नेलेला. डोळे सुपाला लावून खडे बघत होते मी. चंद्रावती काय बोलते ते कोण ऐकतं? ती बोलते तेव्हा मी मनात व्यंकटेश स्तोत्र म्हणते.”

एवढे दिवस काढून काढून बघितलेली ती शांतता, आणि आत तांदळातले खडे. तिला हसावं की रागवावं कळेना, स्वतःवरच. किती बारकाईने बघतो आपण, असा तिला थोडा अभिमानही होता.

“पण मनस्वी,” ती म्हणाली. आता उरली होती ती खरी गोष्ट. “गाडीनं जायचं म्हणजे यायला संध्याकाळ. गाडी चुकली तर? हिची शाळा दुपारी सुटते. ताप आला, पडली, काही झालं तर मी नदीपलीकडे.”

“मी मेले का?” गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या. “गुडघा दुखतो, पाय तुटला नाय. शाळा कोपऱ्यावर हाय. नि गाडी चुकली तर आईकडं जेव नि दुसऱ्या गाडीनं ये. चंद्रावतीच्या पोटात दुखू दे.” मग त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. “तो लाकडाचा पाट, त्याला पाय ना तोंड. रोह्याला जाऊन परत आला. तू नाय येणार व्हय?”

मनस्वीने मान वर केली. “येणार,” ती आजीला म्हणाली, जणू प्रश्न तिलाच होता.

वैशालीला एकदम तो रंग दिसला. चंबू हलवला तरी न विरणारा. एक शब्द जास्त पडला तर तो गडद होईल, म्हणून तिने सरळ पेन उचललं. रोह्यावरच्या रेघेला तिने दोन्ही बाजूंनी छोट्या रेघा दिल्या, शाळेत खोडलेलं उत्तर परत बरोबर करताना मुलं देतात तशा, आणि शेजारी एक आकडा लिहिला.

चार वाजता तिघी निघाल्या. पाट गिरजाबाईंनी कुणाला दिला नाही. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने पाट. निलेशने प्रिंटर पुन्हा जागेवर चढवला होता. “एवढीच?” तो म्हणाला. “तपासणी रद्द झाली वाटतं.” ओटीपी हर्षदकडे गेला. तो रोह्यातल्या त्याच्या कंपनीत चहाच्या सुट्टीत होता, मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं, आणि आकडे सांगायच्या आधी त्याने विचारलं, “पहिलं कुठलं टाकलंस?”

“रोहा.”

पलीकडे नुसती घरघर. वैशालीने ती ऐकली, आणि नेहमीच्या सवयीने ती त्याचा अर्थ लावायला सुरुवात करणार, तोच तिने स्वतःला थांबवलं. यंत्राचा आवाज आहे. ऐकू आलं नसेल.

“रोहा!” ती मोठ्याने म्हणाली, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या.

“ऐकलं गं, बाजूला येत होतो. बरं झालं. मग रोज चहाला इथं येत जा, पण कंपनीच्या बसमध्ये घेत नाहीत हां बायकोला, आधीच सांगतो. लिही आकडे.”

नंबर लागेल की नाही ते पुढच्या आठवड्यात कळणार होतं. तेवढी धाकधूक होतीच. ती नसती तर तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं.

कारखान्यात दिवे लागले होते. हिरामणने पाट हातात घेतला, उलटा करून मांडीवर धरला आणि खडू काढला. “आजींचं नाव टाकतो, नेहमीसारखं.”

“नाय,” गिरजाबाई काठीवर रेलून म्हणाल्या. “तिचं टाक. इसरली ती, आता न्यायला पण तिनंच यायचं.”

हिरामण हसला. जुन्या निळ्या अक्षरांच्या खाली जागा होती. तिथे त्याने खडूने सावकाश, ठळक लिहिलं, वैशाली, आणि पाट इतरांच्या रांगेत भिंतीला लावून ठेवला. मनस्वी पुढे होऊन वरचं अक्षर अक्षर लावून वाचू लागली, पे, ण, आणि मग खालचं तिला न वाचताच येत होतं.